माणसाच्या मापाची सायकल



अंगरखा शिवायचा तर शिंपी आपली छाती मोजतो, बाही मोजतो, खांद्याला फीत लावून दोनदा खात्री करून घेतो. वहाण करून घ्यायची तर पाय कागदावर ठेवून भोवती पेन्सिलीने रेघ ओढण्याची रीत आपल्याकडे होतीच. परंतु ज्या वस्तूवर माणूस दिवसाचे दोनदोन तास बसतो, जिच्यावर त्याचे गुडघे हजारो वेळा वरखाली होतात, ती सायकल मात्र आपल्या वडीलधाऱ्यांनी 'बावीस इंची द्या' नाही तर 'चोवीस इंची द्या' एवढे सांगून दुकानातून आणली. उंच माणसाला चोवीस, बाकी साऱ्या मानवजातीला बावीस! घरी आल्यावर सीट थोडी वरखाली करायची, आणि एवढे करूनही कंबर दुखली तर दोष कंबरेचा.

यंत्र माणसाच्या मापाचे करावे की माणसाने यंत्राच्या मापात बसावे, हा प्रश्न आज आम्ही आपणांपुढे मांडणार आहोत. लांबच्या प्रवासासाठी जी सायकल घडत गेली तिचा इतिहास म्हणजे या एका प्रश्नावरचे जवळजवळ पाऊणशे वर्षांचे भांडण आहे. ते मुख्यतः फ्रान्समध्ये झाले, म्हणून आपणांस आमच्याबरोबर थोडे दूर यावे लागेल.

आरंभी एक गंमत लक्षात घ्या. सायकल तिच्या बाळपणी माणसाच्या मापाचीच होती. १८७० नंतरच्या काळात पुढचे चाक माणसाच्या छातीइतके उंच आणि मागचे अगदीच चिमुकले अशी जी सायकल निघाली, तिचे चित्र आपण पाहिले असेल. तिला चेन नव्हती. पायडल थेट पुढच्या चाकाच्या आसाला जोडलेले. म्हणजे पायाचा एक फेरा तोच चाकाचा एक फेरा. वेग हवा तर चाक मोठे हवे, आणि चाक किती मोठे असावे हे स्वाराच्या तंगडीच्या लांबीवर अवलंबून. म्हणून पन्नास इंची, बावन्न इंची, चोपन्न इंची अशी सायकल पाय मोजूनच घ्यावी लागे. टॉमस स्टीव्हन्स नावाचा गृहस्थ १८८४ च्या एप्रिलात सॅन फ्रान्सिस्कोहून निघाला आणि १८८६ च्या डिसेंबरात जपानमध्ये योकोहामाला पोचला, तो अशाच पन्नास इंची चाकावर. १८८६ साली तो पंजाबातून दिल्ली, आग्रा, कानपूर, बनारस करीत ग्रँड ट्रंक रस्त्याने कलकत्त्यास गेला. सामान काय? मोजे, एक जादा सदरा, पावसाळी झगा (तोच रात्री तंबू) आणि एक पिस्तूल. प्रवासी सायकल कशी सजवावी याचा हा पहिला धडा समजायला हरकत नाही, पिस्तूल वगळून.

१८८५ साली इंग्लंडात कॉव्हेंट्री येथे जे. के. स्टार्ली याने 'रोव्हर' सायकल काढली. जवळजवळ सारख्या उंचीची दोन चाके, मागच्या चाकाला चेन, आणि स्वार दोहोंच्या मध्ये. १८८८ मध्ये डनलॉपने हवेचा टायर आणला. सायकल सुरक्षित झाली, स्वस्त झाली, स्त्रियांना वापरता येण्याजोगी झाली. हे सारे उत्तम झाले. परंतु या उलाढालीत एक गोष्ट हातची गेली. चाकाचा आणि पायाच्या लांबीचा संबंध तुटला. आता कारखानदाराला पाचपन्नास मापे ठेवण्याचे कारण उरले नाही. दोनतीन फ्रेमी काढाव्या, सीटची नळी वरखाली होते ना, मग झाले! सीट वरखाली होते खरी, पण सीटपासून हँडलपर्यंतचे अंतर तेच राहते आणि क्रँकची लांबीही तीच राहते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे चेनच्या पुढच्या व मागच्या दात्यांचे प्रमाण, ज्याला आपण गिअर म्हणतो, तेही एकच राहते. मग स्वार वीस वर्षांचा पैलवान असो की साठीचा मास्तर, आणि रस्ता सपाट असो की घाटाचा.

ही अडचण प्रथम ज्याला नीट जाणवली तो मनुष्य डोंगराच्या पायथ्याशी राहत होता, हा योगायोग नव्हे. सेंत-एतियेन हे मध्य फ्रान्समधले कोळशाच्या खाणींचे, बंदुकांचे आणि रेशमी फितींचे गाव. तेथून दक्षिणेकडे निघाले की लगेच चढ लागतो तो ११६१ मीटर उंचीच्या रेप्युब्लिक खिंडीपर्यंत. या गावात पॉल द व्हिव्ही नावाचा रेशमाचा व्यापारी होता. जन्म १८५३ चा. वयाची तिशी जवळ आली असता त्याला सायकलचे वेड लागले आणि ते इतके वाढले की रेशमाचा धंदा सोडून त्याने सायकलचे दुकान थाटले. १८८७ साली त्याने एक मासिक काढले, तेच पुढे 'ल सिक्लिस्त' म्हणून नावारूपाला आले. त्यात तो 'व्हेलोसियो' या नावाने लिही, आणि जगाने त्याला त्याच नावाने ओळखले.

असे सांगतात की तो एकदा ही खिंड चढत असता तोंडात पाइप धरलेला एक तरुण त्याला सहज मागे टाकून गेला. व्यापारी माणूस यावर चिडला असता. व्हेलोसियोने विचार केला की आपले पाय काही बदलता येत नाहीत, तेव्हा चढाला वेगळा गिअर आणि सपाटीला वेगळा गिअर हवा. मग त्याने पुढे एकाऐवजी दोन दातेरी चक्रे बसविली. चढ आला की खाली उतरायचे, चेन हाताने उचलून लहान चक्रावर घालायची आणि पुढे चालू लागायचे. आज हे ऐकून हसू येईल, पण सगळी पुढची कथा या हात काळे करण्यापासून सुरू होते. त्यानंतर त्याने आणि त्याच्या गावातल्या कारागिरांनी काय काय करून पाहिले याची मोजदाद करणे कठीण आहे. दोन्ही बाजूंना एकेक अशा दोन चेनी लावल्या. पायडल उलटे मारले की हलका गिअर लागतो अशी युक्तीही त्या गावच्या कारखान्यांनी बाजारात आणली. म्हणजे घाट चढताना पाय मागे फिरत आणि सायकल पुढे जाई! पुढे त्याच्याच शिष्यपरिवारातल्या जोआनी पानेल याने चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारे यंत्र काढले, त्याचे नाव 'शमिनो', म्हणजे भटक्या. आजच्या गिअरवाल्या सायकलीच्या मागच्या चाकापाशी जो सांगाडा लोंबताना दिसतो, त्याच्या पूर्वजांपैकी हा एक.

गिअरने काय साधते हे आकड्यांत पाहू. पुढे ४८ दाते आणि मागे १८ दाते असले तर पायाच्या एका फेऱ्यात चाक जवळजवळ पावणेतीनदा फिरते; अठ्ठावीस इंची चाक असेल तर सायकल सुमारे सहा मीटर जाते. सपाटीला हे छान. खंडाळ्याच्या घाटात मात्र हेच सहा मीटर छाती फोडतात, आणि माणूस उतरून सायकल ढकलू लागतो. उलट पुढे २८ आणि मागे २८ दाते असले तर एका फेऱ्यात चाक एकदाच फिरते आणि सायकल जेमतेम सव्वादोन मीटर जाते. वेग थोडा, पण पायावरचा भार जवळजवळ एकतृतीयांश. शक्ती तीच, ती किती किती हप्त्यांनी द्यायची याची मुभा मिळाली. कर्ज एकरकमी फेडणे आणि हप्त्याने फेडणे यांतला फरक संसारी माणसाला समजावून सांगायला नको.

आता भांडणाकडे येऊ. त्या काळी फ्रान्समध्ये सायकलच्या बाबतीत ज्याच्या शब्दाला वजन होते तो आंरी देग्रांज. १८९३ साली तासाभरात ३५.३२५ किलोमीटर जाऊन पहिला अधिकृत विक्रम नोंदविणारा हाच. १९०३ साली 'तूर द फ्रान्स' ही शर्यत सुरू करणाराही हाच. आणि हातात वृत्तपत्र. १९०२ साली फ्रान्सच्या टूरिंग क्लबने पिरेनीज पर्वतात प्रवासी सायकलींची एक कसोटी घेतली. मार्गात २११५ मीटर उंचीची तुर्माले खिंड होती. त्या कसोटीत मार्थ हेस या बाई व्हेलोसियोच्या 'गोलुआझ' या गिअरच्या सायकलीवर ती खिंड चढून गेल्या, आणि चढताना त्यांनी पाय जमिनीला टेकविला नाही. व्हेलोसियोच्या पक्षाला याहून मोठा पुरावा कोणता हवा होता?

देग्रांजचे मत मात्र तसूभरही हलले नाही. त्याचे म्हणणे असे की गिअर ही पंचेचाळिशी उलटलेल्यांची सोय आहे. पुरुषाने स्नायूंच्या बळावर जिंकावे, कळीच्या बळावर नव्हे. व्हेलोसियो त्या वर्षी एकोणपन्नास वर्षांचा होता, तेव्हा देग्रांजच्या हिशेबानेही त्याला मुभा होतीच! परंतु विनोद बाजूला ठेवला तर या वादात मोठी गोष्ट पणाला लागली होती. सायकल कोणासाठी आहे? शंभरांतल्या एका बळकट माणसाचे बळ चारचौघांना दिसावे यासाठी, की उरलेल्या नव्याण्णवांना आपल्या पायांनी डोंगरापलीकडचे गाव पाहता यावे यासाठी? देग्रांजच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे. शर्यत ही माणसांची परीक्षा आहे, यंत्रांची झाली तर श्रीमंत कारखानाच जिंकेल, ही त्याची भीती निराधार नव्हती. पण शर्यतीचा नियम त्याने जगण्याचा नियम करून टाकला, आणि कारखानदार शर्यतीकडे पाहून सायकली करीत असल्यामुळे त्याची किंमत सामान्य स्वाराने दिली. तूर द फ्रान्समधले स्पर्धक कित्येक वर्षे चढाच्या पायथ्याशी उतरून मागचे चाक उलटे करून बसवीत, कारण चाकाच्या दुसऱ्या बाजूला जास्त दात्यांचे चक्र असे. १९३६ साली प्रकृतीमुळे देग्रांजने सूत्रे खाली ठेवली आणि १९३७ साली त्या शर्यतीत गिअर बदलण्याच्या यंत्राला परवानगी मिळाली. व्हेलोसियोने ते पाहिले नाही. १९३० च्या फेब्रुवारीत, सेंत-एतियेनच्याच रस्त्यावर, ट्रामची धडक बसून तो गेला होता.

व्हेलोसियो नुसता गिअरवाला नव्हता. तो शाकाहारी होता, रात्रभर सायकल चालवी, आणि भूक लागण्यापूर्वी खावे, तहान लागण्यापूर्वी प्यावे, दुसऱ्याला दाखविण्यासाठी पायडल मारू नये, अशा अर्थाचे नियम तो शिष्यांना घालून देई. शर्यतवाले अरुंद आणि दगडासारखे टणक टायर वापरीत असता याने लहान चाकांवर जाड, मऊ टायर लावून पाहिले, आणि खडबडीत रस्त्यावर जाड टायर माणसाला कमी थकवतो हे सांगितले. या म्हणण्याला प्रयोगशाळेतून पाठबळ मिळाले ते विसाव्या शतकाच्या शेवटी आणि एकविसाव्याच्या आरंभी.

त्याच्यामागून जी पिढी आली तिने मापाचा प्रश्न शेवटास नेला. १९३६ च्या जूनमध्ये फ्रान्समध्ये कामगारांना वर्षातून दोन आठवड्यांची भरपगारी रजा देणारा कायदा झाला. आयुष्यात प्रथमच रजा मिळालेली माणसे सायकलींवर आणि दोघांच्या टँडेमवर समुद्राकडे आणि डोंगरांकडे निघाली. मोटार त्यांना परवडणारी नव्हती. पॅरिसमध्ये आणि आसपास काही कारागीर असे होते की ज्यांना तेथे 'कन्स्ट्रक्तर' म्हणत. शब्द साधा आहे, बांधणारा. पण अर्थ असा की हा मनुष्य फ्रेम एकाची, कॅरिअर दुसऱ्याचे, दिवा तिसऱ्याचा असे जमवून देत नाही, तर स्वार पाहून संपूर्ण सायकल एकच वस्तू म्हणून घडवतो. रने एर्स आणि अलेक्स सिंगेर ही त्यांतली दोन मोठी नावे. एर्सची मुलगी लिली पुढे फ्रान्सची रस्ता-शर्यतीची विजेती अनेकदा झाली, ती बापाने घडविलेल्या सायकलीवर.

हे घडविणे म्हणजे काय, ते थोडे सविस्तर सांगतो. कारण इतिहासाच्या पुस्तकांत लढाईचे वर्णन येते, तलवार कशी घडली हे येत नाही.

आधी माणूस मोजायचा. जांघेपासून टाचेपर्यंतची उंची, धडाची लांबी, हाताची लांबी. पायाच्या मापावरून सीट किती उंच हे ठरते. साधी खूण अशी की सीटवर बसून टाच खालच्या पायडलवर ठेवली तर पाय सरळ व्हावा, म्हणजे चवडा ठेवल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहतो. त्याहून सीट खाली असेल तर गुडघ्याच्या वाटीवर ताण येतो, वर असेल तर कंबर डावीउजवीकडे डुलत राहते. मग धड आणि हात यांवरून सीट ते हँडल हे अंतर. प्रवासी स्वाराचे हँडल साधारण सीटच्या उंचीला ठेवीत, कारण त्याला दिवसभर मान वर करून देखावा पाहायचा आहे. शर्यतवाल्यासारखे पुढच्याचे मागचे चाक नाही. हे ठरल्यावर फ्रेमच्या नळ्या कापायच्या. बर्मिंगहॅममध्ये रेनल्ड्स नावाचे खिळे करणारे घराणे होते. त्यांनी १८९७ साली अशा नळीचे पेटंट घेतले की जी टोकांना जाड आणि मध्ये पातळ असते. सांध्यापाशी, जिथे झाळताना पोलाद तापते आणि जोर बसतो, तिथे जाडी ठेवायची आणि मधले वजन काढून टाकायचे. १९३५ साली याच घराण्याने '५३१' या नावाचे पोलाद आणले आणि चांगल्या सायकलींत ते पुढे अनेक दशके टिकले. हलक्या, पातळ नळ्यांची फ्रेम स्वाराच्या पायाखाली किंचित लवचीक राहते. तिच्यावर शंभर मैल गेलेला माणूस संध्याकाळी जेवायला बसू शकतो.

चिमट्याची गोष्ट याहून नाजूक. पुढचा चिमटा किती वाकवायचा यावर हँडलचा स्वभाव ठरतो. फ्रेंच प्रवाशांना सामान पुढे, हँडलसमोरच्या पिशवीत ठेवायची सवय होती. नकाशा, भाकरी, कॅमेरा डोळ्यांपुढे राहतो. पण पुढे वजन आले की नेहमीच्या सायकलीचे हँडल जड होते. म्हणून हे कारागीर चिमटा अधिक वाकवीत. हँडलचा आस जमिनीला जिथे भिडेल तो बिंदू आणि टायर जिथे टेकतो तो बिंदू, यांतले अंतर त्यामुळे कमी होते. सर्वसाधारण सायकलीत ते साठ मिलिमीटरच्या आसपास असते, ते यांनी तीसचाळिसावर आणले. म्हणजे सामान कुठे ठेवणार हे विचारल्याशिवाय फ्रेम करता येत नाही! आणि तीच गोष्ट मडगार्डची, दिव्याची, कॅरिअरची. रात्री चालवायचे तर डायनॅमो हवा, डायनॅमो म्हटला की तार आली, मग ती बाहेर लोंबत ठेवून फांदीत अडकविण्यापेक्षा नळीच्या आतून का नेऊ नये? कॅरिअर पट्ट्यांनी आवळण्याऐवजी त्याचे पाय बसतील असे कान फ्रेमलाच झाळून का ठेवू नयेत? नटबोल्ट जितके कमी तितके वाटेत सैल होण्याचे प्रसंग कमी.

हे सारे खरे की दुकानदाराच्या गप्पा, याची परीक्षाही ते घेत. १९३० नंतरच्या दशकात आणि महायुद्धानंतर पुन्हा, सायकलींच्या कसोट्या झाल्या. सायकल मडगार्ड, दिवे, कॅरिअर यांसह पूर्ण सजविलेली हवी, आणि ती डोंगरातल्या कच्च्या रस्त्यांवरून शेकडो किलोमीटर चालवायची. हलकेपणाला गुण; काही तुटले, सैल झाले, दिवा विझला की गुण वजा. नुसता हलकेपणा पाहिला असता तर कागदी सायकली झाल्या असत्या, आणि नुसता टिकाऊपणा पाहिला असता तर गाडे झाले असते. दोन्ही बाजूंनी कात्री लावल्यामुळे कारागिराची बुद्धी पणाला लागली. १९३८ साली एर्सने आणलेली सायकल आठ किलोपेक्षा किंचित कमी भरली. १९४६ साली सिंगेरची सायकल दिवा-मडगार्डसकट सात किलोपेक्षाही कमी होती. आपल्या रस्त्यांवरची जुनी काळी सायकल वीस किलोच्या आसपास असे, एवढे लक्षात ठेवले म्हणजे पुरे.

मग आपल्याकडे काय झाले? मुंबईच्या ओव्हल मैदानावर युरोपातून हिंदुस्थानपर्यंत पायी आलेल्या एका फ्रेंच गृहस्थाचे व्याख्यान झाले होते. ते ऐकून काही पारशी तरुणांच्या मनाने घेतले, असे सांगतात. व्याख्याने अगदीच फुकट जात नाहीत! १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सहा जण मुंबईहून सायकलीने निघाले, आणि त्यांपैकी अदी हकीम, जाल बापासोला व रुस्तुम भुमगरा हे तिघे जगप्रदक्षिणा पुरी करून १८ मार्च १९२८ ला परत आले. ७१,००० किलोमीटरांच्या आसपासचा प्रवास, त्यात वाळवंटे आणि आल्प्स पर्वतही. सेंत-एतियेनच्या डोंगरात लोक गिअरांवर वाद घालीत होते त्याच वर्षांतली ही गोष्ट. त्यांनी १९३१ साली प्रवासाचे पुस्तकही इंग्रजीत प्रसिद्ध केले. महाराष्ट्रातल्या सायकलप्रेमी घरांत ही नावे फारशी घेतली जात नाहीत, याचा आम्हांस खेद वाटतो.

परंतु या पराक्रमातून येथे प्रवासी सायकलचा धंदा उभा राहिला नाही, आणि आम्ही त्याबद्दल कोणाला दोष देणार नाही. आपल्याकडे सायकल आली ती पोटासाठी. दूधवाल्याला दोन्ही बाजूंना किटल्या लावायच्या होत्या, गिरणी कामगाराला पहाटेच्या पाळीला जायचे होते, मास्तरांना मागे मुलगा आणि पुढे दळण न्यायचे होते. त्या कामाला ती काळी, लांबलचक, जाड टायरांची सायकल उत्तम होती; कोणत्याही झाडाखालचा मिस्त्री तिच्या चाकाचा आऊट काढून देई. इंग्रज कारखान्यांनी ती साऱ्या साम्राज्यात विकली आणि स्वातंत्र्यानंतर आपल्या कारखान्यांनी तीच परंपरा चालविली. मिळकत बेताची असता माणसाने पंचवीस मापांतून निवड करावी ही अपेक्षाच गैर. एवढे मात्र खरे की या सोयीचा भार सर्वांवर सारखा पडला नाही. पाच फुटांच्या आतबाहेरच्या स्त्रिया आणि वाढत्या वयाची मुले यांना बावीस इंची फ्रेम कधीच बसली नाही. नळीखालून पाय घालून तिरकी सायकल मारणारा पोरगा आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल, कित्येकांनी तो पराक्रम स्वतः केलाही असेल. तेव्हा आपण कौतुक केले. वस्तुतः तो मापाविरुद्ध चाललेला झगडा होता.

फ्रान्समध्येही हे वैभव टिकले नाही. १९५० नंतर स्कूटरी आल्या, मग मोटारी आल्या. मापाच्या सायकली करून घेणारे गिऱ्हाईक आटले आणि एकामागून एक दुकाने मिटली. एर्स १९७६ साली वारला. एकविसाव्या शतकात मात्र जुन्या सायकली गोळा करणाऱ्या, मोजणाऱ्या आणि चालवून पाहणाऱ्या काही अमेरिकन व जपानी हौशी लोकांमुळे जाड हलके टायर, पुढची पिशवी, झाळलेले कॅरिअर हे सारे पुन्हा कारखान्यांच्या यादीत आले. पुण्यामुंबईत आज सायकल घेणारा दुकानात चारपाच मापे विचारू शकतो, आणि दुकानदार त्याला नुसते वेड्यात काढीत नाही.

ज्यांच्या घरी जुनी बावीस इंची अजून भिंतीला टेकून उभी आहे त्यांनी एवढे करून पाहावे. सीटखालचा नट सैल करावा, भिंतीला हात टेकून सीटवर बसावे, टाच खालच्या पायडलवर ठेवावी आणि पाय सरळ होईपर्यंत सीट वर घ्यावी. बहुतेक सायकलींची सीट दोन बोटे तरी वर घ्यावी लागेल. जुनी नळी गंजून आत धरली असेल, तर तेलाचे चार थेंब सोडून रात्रभर तशीच ठेवावी आणि सकाळी पुन्हा हात लावावा.